डेंग्यूच्या लशीला इतका उशीर का?

पावसाळा ओसरायला लागला की कोल्हापुरात पेठापेठांतून एकच चौकशी सुरू होते : कुणाच्या पेशी किती उतरल्या? घरोघरी बॅरल आणि हौद भरलेले असतात, आणि डेंग्यूचा डास नेमका असल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. पोराला सलाईन लावून उशाशी बसलेली आई विचारते, "कोरोनाची लस वर्षात आली, मग ह्याचीच का नाही?" प्रश्न रास्त आहे.

हा विषाणू जपानी संशोधकांनी १९४३ मध्ये नागासाकीच्या साथीत वेगळा केला. दोनच वर्षांत अल्बर्ट सेबिन यांनी (पुढे पोलिओचे थेंब देणारे ते हेच) उंदराच्या मेंदूत वाढवून दुबळा केलेला विषाणू लस म्हणून माणसांना टोचूनही पाहिला. पण डेंग्यू एक नव्हे, चार निघाले. एक होऊन गेला की त्याच्यापासून कायमचं संरक्षण मिळतं, उरलेल्या तिघांपासून मात्र काही महिनेच.

खरी मेख पुढंच आहे. स्कॉट हॅल्स्टेड या अमेरिकी डॉक्टरांना १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये दिसलं की जीवघेणा डेंग्यू बहुतेकदा दुसऱ्या खेपेला होतो. आधीच्या लागणीत शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) नव्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला मारत नाहीत. उलट पेशीत शिरायला वाट करून देतात. क्युबात १९७७ ला पहिला प्रकार आला, फार त्रास न देता गेला. १९८१ ला दुसरा आला आणि १५८ माणसं दगावली. म्हणजे चौघांपैकी एकदोघांनाच रोखणारी लस धोक्याची ठरू शकते.

तेच फिलिपिन्समध्ये घडलं, आणि या इतिहासातलं सगळ्यात क्लेशाचं पान मला हेच वाटतं. २०१६ पासून तिथं आठ लाखांवर मुलांना सानोफी या फ्रेंच औषध कंपनीची डेंग्यूची लस, डेंगव्हॅक्सिया, दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनंच सांगितलं की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लशीनंतर लागण झाली तर आजार जास्त बळावू शकतो. मोहीम थांबली. आईबापांचा विश्वास असा उडाला की इतर लशीही टाळल्या जाऊ लागल्या. २०१९ मध्ये तिथं गोवराची मोठी साथ आली.

आता अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत दुबळे केलेल्या चारही प्रकारांवरून ब्राझीलच्या बुटांटान संस्थेनं एका डोसाची लस केली. तिला नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये परवानगी मिळाली. त्याच दुबळ्या विषाणूंवरची पॅनेसिया बायोटेक कंपनीची 'डेंगीऑल' लस आपल्याकडे आयसीएमआरसोबत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला पहिला डोस दिला गेला. दहा हजारांवर स्वयंसेवक, प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष. ते सगळे प्रौढ आहेत. सलाईन लावलेल्या त्या पोराच्या वयाचं त्यांत कुणी नाही.