स्टिक बाजूला ठेवल्यावर

लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडच्या १९६९ सालच्या दुसऱ्या अल्बममधील ‘मोबी डिक’ ही रचना ध्वनिमुद्रिकेवर साडेचार मिनिटांच्या आत संपते. मंचावर मात्र गिटारची ठसकेबाज सुरुवात झाली की बाकीचे तिघे आत निघून जात आणि ड्रमवादक जॉन बोनम एकटाच पंधरा-वीस मिनिटे, कधी त्याहूनही अधिक वेळ वाजवत राही. या वादनातला माझ्या मते सर्वांत ऐकण्याजोगा भाग वेगाचा नव्हे. मध्येच तो स्टिक बाजूला ठेवून नुसत्या हातांनी वाजवू लागे, आणि तेच ड्रम एकाएकी निराळ्या वाद्यासारखे बोलू लागत.

हा फरक मुख्यतः स्पर्श किती वेळ टिकतो यातून येतो. ताणलेल्या पडद्यावर आघात होताच त्यात मंद आणि जलद अशी अनेक कंपने एकदम उठतात. लाकडी स्टिकचे कठीण टोक काही सहस्रांश सेकंदांतच उसळून परत येते, त्यामुळे जलद कंपनेही मोकळी सुटतात आणि आवाजाला कडक धार येते. बोटाचे मांस मऊ असते. ते पडद्याला किंचित अधिक काळ टेकून राहते, आणि तेवढ्या अवधीत जी कंपने खालीवर होऊन जातात त्यांना तेच दाबून टाकते. धार जाते, घुमारा उरतो.

तरीही त्यातून तबल्यासारखा ठाम सूर निघत नाही. तारेची कंपने मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी नेटकी असतात. साध्या गोल पडद्याची मात्र १.५९, २.१४, २.३० पट अशी अडनिडी असतात. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवरील शाईचा थर हीच कंपने नेटक्या पटींच्या जवळ आणतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले.

बोनमच्या पडद्यांवर शाई कुठून असणार? त्याच्याकडे १६ आणि १८ इंची टॉम, म्हणजे स्टिकने वाजवायचे मधले ड्रम होते आणि पायाने वाजवायचा तब्बल २६ इंची बेस ड्रम होता. ताण सारखा असेल तर नेहमीच्या २२ इंचीपेक्षा त्याचा मूळ स्वर सुमारे पंधरा टक्क्यांनी खाली उतरतो. एकाच ड्रमचा स्वर वाजवता वाजवता सरकवायचा असेल, तर पायाच्या पट्टीने पडदा ताणता येणारे टिंपनी लागते, आणि तेही तो मंचावर जवळ ठेवी. तिथे निसर्गाचा हिशेब कडक आहे: स्वर एक सप्तक वर न्यायचा तर पडद्याचा ताण चौपट करावा लागतो.