निटेड कपड्यावरचं भोक: सुटलेला टाका की सुईचा काप?

माल रवाना होण्याआधीच्या तपासणीत टी-शर्टवर बारीक भोक दिसलं की अहवालात ‘होल’ लिहून पीस बाजूला ठेवला जातो. मला ही नोंद अपुरी वाटते. भोक विणाईत सुटलेल्या टाक्याचं, म्हणजे ड्रॉप स्टिचचं आहे की शिलाईच्या सुईने सूत कापल्याचं, म्हणजे नीडल कटचं, हे कळल्याशिवाय उरलेल्या लॉटचं, म्हणजे एकत्र तपासायला आलेल्या मालाचं, काय करायचं ते ठरवता येत नाही.

भिंग घ्या आणि आधी सूत बघा. ड्रॉप स्टिचमध्ये सूत अखंड असतं. विणाई मशीनच्या सुईने सूत पकडलं नाही किंवा सुताचा फास, म्हणजे लूप, निसटला, की खालचे लूपही एकामागून एक सुटत जातात. कापडावर उभी शिडी दिसते आणि तिच्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच न तुटलेलं सूत. सुईचा हुक मिटवणारा लॅच वाकलेला असणं, सुईला सूत पुरवणारा फीडर नीट न लागणं, कापड खाली ओढणारा ताण कमी पडणं ही नेहमीची कारणं. एकच सुई खराब असेल तर दोष त्याच उभ्या ओळीत पुन्हापुन्हा येतो.

नीडल कटमध्ये सुताची तुटलेली टोकं दिसतात, आणि भोक शिवणीवरच, सुई जिथे टोचली तिथे असतं. बोथट किंवा खरवड आलेली सुई, कापडाच्या मानाने जाड सुई, बॉल पॉइंटऐवजी धारदार टोक, सॉफ्टनर कमी पडल्याने कोरडं झालेलं कापड, यातलं काहीतरी कारण असतं. सुईवरचा ७० हा आकडा ०.७० मिमी जाडी सांगतो. बारीक जर्सी विणीच्या कापडावर ९० नंबर चालवला तर सुताला बाजूला सरकायला जागाच उरत नाही. बॉल पॉइंटचं गोलसर टोक सुताला ढकलून दोन सुतांमधून वाट काढतं.

तुटलेली टोकं दिसली म्हणजे नीडल कटच, असंही धरू नका. कच्च्या सुतामुळे, गाठीमुळे किंवा जास्त ताणामुळे विणतानाही सूत तुटतं. ते भोक शिवणीपासून लांब, कुठेही असू शकतं. दोरे छाटताना कात्री लागली असेल तर शेजारचे बरेच लूप एका सरळ रेषेत कापलेले दिसतात.

तपासनीसाला जास्त फसवतो तो नीडल कट. नव्या, इस्त्री केलेल्या कपड्यात शिवणीचा दोरा तुटलेल्या लूपला धरून ठेवतो, त्यामुळे टेबलावर पीस निर्दोष दिसतो. ग्राहकाने दोनदा धुतला की भोक उघडं पडतं. नमुना तपासणीच्या आयएसओ २८५९-१ या मानकाप्रमाणे, सर्वसाधारण तपासणी पातळी २ वर १२०१ ते ३२०० नगांच्या लॉटमधून १२५ नग काढले जातात. एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची ठरलेली मर्यादा, २.५ असेल तर ७ दोषी नगांपर्यंत लॉट पास, ८ झाले की नापास. पण शिवण न ताणता मोजलेले ते ७ किती खरे? म्हणून काही नगांची शिवण आडवी ताणून बघा, काही धुऊन बघा, आणि शंका असेल तिथे एखादी शिवण उसवून आतले लूप भिंगाखाली तपासा.

ड्रॉप स्टिच त्या मानाने लवकर पकडता येतो. कटिंगआधी रोल तपासताना, कापडाच्या दोषांना गुण देणाऱ्या फोर पॉइंट पद्धतीत एक इंचापर्यंतच्या भोकाला २ गुण आणि त्याहून मोठ्याला ४ गुण लागतात. तिथे सुटला तरी तो ठरावीक रोलमधून कापलेल्या तुकड्यांच्या बंडलांमध्येच सापडतो. नीडल कट मात्र रोल तपासणीत दिसणं शक्यच नाही. तेव्हा तो झालेलाच नसतो.

लॉट नापास झाला की हाच फरक कामाला येतो. ड्रॉप स्टिच असेल तर रोल नंबरवरून बंडलं वेगळी काढा. नीडल कट असेल तर कोणत्या शिवणीवर आहे ते बघून ते ऑपरेशन करणारी मशीन शोधा, तिथली सुई नखावरून फिरवून खरवड लागते का ते पाहा आणि त्या मशीनवरून गेलेले सगळे नग पुन्हा तपासा. दुरुस्तीही निराळी. अखंड सुताची शिडी विणीची दुरुस्ती करणारा मेंडिंगवाला लॅचच्या सुईने वर चढवून टाका बांधू शकतो. स्वेटरमध्ये हे नेहमी केलं जातं. कापलेल्या सुताला असा उपाय नाही. तो भाग बदला किंवा नग बाद करा.

अहवालात भोकाची जागा, सूत अखंड की तुटलेलं, दोष ताणण्याआधी दिसला की नंतर, आणि रोल किंवा मशीन नंबर, एवढं लिहिलं तरी कारखान्याला कुठून सुरुवात करायची ते कळतं.