‘माझा स्वभावच असा’ – ही नोंद कधीची?

कॅनडातल्या एका तिशीतल्या माणसाला १९८१ साली मोटरसायकलचा अपघात झाला. डोक्याला जबर मार लागला. प्रसंगांच्या आठवणी घडवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग दोन्ही बाजूंनी जवळजवळ निकामी झाला. मेंदूविज्ञानात हा रुग्ण ‘के. सी.’ या आद्याक्षरांनी प्रसिद्ध आहे. त्याला बुद्धिबळ खेळता येत होतं. भाऊ वारला आहे हेही त्याला ठाऊक होतं, पण ती बातमी कानावर आली तो प्रसंग आठवत नव्हता. स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग त्याला पुन्हा मनासमोर आणता येत नव्हता.

अपघातानंतर त्याचा स्वभावही पालटला. पूर्वीचा मोकळा, माणसांत रमणारा के. सी. आता शांत, स्वतःपुरता राहू लागला. टोरोंटोचे स्मृतिसंशोधक एंडेल टल्व्हिंग यांनी त्याला विशेषणांची यादी दिली आणि यातलं तुला काय लागू पडतं, असं विचारलं. काही काळाने तीच यादी पुन्हा दिली. उत्तरं बहुतांशी तीच आली. मग त्याच्या आईलाही ती यादी भरायला दिली, एकदा आताच्या मुलासाठी आणि एकदा अपघाताआधीच्या मुलासाठी. के. सी.ची उत्तरं जुळली ती आताच्या मुलाच्या वर्णनाशी. एकही प्रसंग आठवत नसताना आपण कसे आहोत हे त्याला कळत होतं, आणि झालेला बदलही त्या माहितीत उतरला होता. टल्व्हिंग यांनी हे १९९३ साली प्रसिद्ध केलं.

याच्या नेमकं उलट उदाहरण दहा वर्षांनी पुढे आलं. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमर झालेल्या एका वृद्धेचा अभ्यास केला. तिचा स्वभाव आजारात बराच बदलला होता. पण तिने स्वतःचं जे वर्णन केलं ते आजाराआधीच्या तिच्याशी जुळत होतं. तिच्या मनातली ‘मी’ची नोंद जिथे थांबली होती तिथेच राहिली.

ही दोन्ही माणसं आजारी होती, पण त्यांच्यामुळे तुमच्या-माझ्या डोक्यातली एक गोष्ट उघडी पडते. ‘मी भित्री आहे’, ‘मी तापट आहे’, ‘मला गणित येत नाही’ ही वाक्यं आपण आठवणी चाळून, पुरावा बघून बोलतो असं आपल्याला वाटतं. क्लाइन आणि जुडिथ लॉफ्टस यांनी निरोगी माणसांवर हेच तपासलं. त्यांचा तर्क साधा होता. ‘तुम्ही प्रेमळ आहात का?’ याचं उत्तर देताना मन प्रेमळपणाचे प्रसंग शोधत असेल, तर त्यानंतर लगेच ‘तुम्ही प्रेमळपणे वागलात असा एक प्रसंग सांगा’ म्हटल्यावर तो लवकर आठवायला हवा. तसं झालं नाही. स्वतःबद्दलचं मत एका ठिकाणी तयार सारांशासारखं ठेवलेलं असतं आणि प्रसंग दुसरीकडे. मत मांडताना मन प्रसंगांच्या दारात जातही नाही.

सातबाऱ्यावर ज्वारी लागलेली असते आणि शेतात ऊस उभा असतो, तसं हे आहे. पाहणी झाली नाही तर कागद आपणहून बदलत नाही.

मग ही नोंद सुरुवातीला लिहितं कोण? पुष्कळदा आपणही नसतो. पाहुण्यांसमोर ‘आमचा मोठा अबोल आहे, धाकटी बडबडी’ असं म्हटलं जातं, तेव्हा दोन्ही मुलं ते ऐकत असतात. शाळेत एखाद्या चाचणीनंतर ‘हिचं गणित कच्चं’ असं ठरतं आणि पुढे तीस वर्षं ती बाई बँकेचा फॉर्म नवऱ्याकडे सरकवते. मला या दुसऱ्या उदाहरणाचं फार वाईट वाटतं, कारण घराचा महिन्याचा हिशेब ती तोंडी करत असते. तो हिशेब तिच्या ‘मी’च्या नोंदीत कधी चढतच नाही. मार्जोरी ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांच्या २०१९ सालच्या एका प्रयोगात लहान मुलींना ‘आज आपण शास्त्रज्ञ होऊया’ असं सांगण्याऐवजी ‘आज आपण विज्ञान करूया’ असं सांगितलं, तर त्या पुढच्या खेळात जास्त वेळ टिकून राहिल्या. शास्त्रज्ञ म्हणजे कोण याची एक प्रतिमा मनात असते, तिच्यात आपण बसत नाही असं मुलीला वाटलं की ती मागे फिरते. करण्याला अशी अट नसते.

लिहिली गेलेली नोंद आपण नुसती बाळगत नाही, राखतोही. टेक्सास विद्यापीठातले विल्यम स्वॉन यांनी हे दाखवलं तेव्हा अनेकांना ते पटायला जड गेलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत वाईट होतं अशा माणसांना त्यांनी निवड दिली: एका परीक्षकाने तुमच्याबद्दल चांगलं लिहिलंय, दुसऱ्याने वाईट, तुम्हाला कोणाशी बोलायला आवडेल? बहुतेकांनी वाईट लिहिणाऱ्याला निवडलं. विवाहित जोडप्यांच्या १९९२ सालच्या अभ्यासातही हेच दिसलं. स्वतःला कमी लेखणारी माणसं, जोडीदारही त्यांना कमी लेखत असेल तर, त्या नात्याला जास्त बांधलेली होती. स्वॉन यांचं स्पष्टीकरण असं की आपण कोण हे ठरलेलं असलं की जग अंदाजात येतं, आणि तो अंदाज माणसाला सुखापेक्षाही कधीकधी जास्त हवासा वाटतो. ‘तू किती छान बोललीस’ असं कोणी म्हटल्यावर लगेच ‘छे, मला कुठे बोलता येतं’ म्हणून हात झटकणाऱ्या माणसाकडे मी या संशोधनानंतर वेगळ्या नजरेने बघू लागलो.

त्यात भर म्हणजे, आता आपण पुरे घडलो आहोत असं जवळपास प्रत्येक वयात वाटतं. जॉर्डी क्वादबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांचा १९,००० हून अधिक माणसांवरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काहींना विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात? आणि काहींना, पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल? मागचा बदल लोकांनी भरपूर सांगितला, पुढचा त्या मानाने थोडा. वीस-पंचविशीतल्या माणसांप्रमाणे हा समज पन्नाशी ओलांडलेल्यांचाही होता.

‘स्वभावाला औषध नाही’ ही आपली म्हण इथे तोकडी पडते. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यास एकत्र तपासले. त्यातले उपचार सरासरी २४ आठवड्यांचे होते, आणि तेवढ्या काळात स्वभावात मोजता येईल असा बदल दिसला, सर्वांत जास्त भावनिक स्थैर्यात. औषध आहे, सावकाश लागू पडतं, आणि सगळ्यांना सारखं लागू पडत नाही.

पण मग खरेपणाचं काय? अबोल माणसाने चारचौघांत बोलायला लागणं म्हणजे सोंग नाही का? ही शंका रास्त आहे, आणि तिच्यावर उत्तर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातून आलं. विल्यम फ्लीसन यांनी माणसांना काही आठवडे दिवसातून अनेकदा नोंद करायला लावली होती: गेल्या काही वेळात तुम्ही किती मोकळे, किती नीटनेटके, किती प्रेमाने वागलात? एकाच माणसाच्या आठवड्याभरातल्या नोंदी इतक्या पसरलेल्या निघाल्या की अंतर्मुख म्हणवणारी माणसं रोजच काही वेळ अगदी बहिर्मुखासारखी वागत होती. सरासरी मात्र ज्याची त्याची स्थिर होती. म्हणजे स्वभाव खोटा नाही, पण तो एका खुंटीला बांधलेलाही नाही. पुढे जोशुआ विल्ट यांच्यासोबत २०१० साली त्यांनी विचारलं की यातल्या कोणत्या क्षणी तुम्हाला सर्वांत ‘आपण आपल्यासारखे’ वाटलं? अपेक्षा अशी की अबोल माणसाला ते अबोलपणी वाटेल. तसं निघालं नाही. मोकळेपणाने, आपुलकीने, मन लावून वागतानाच बहुतेकांना स्वतः असल्यासारखं वाटलं, मग त्यांचा मूळ स्वभाव कोणताही असो.

हे वाचून उद्यापासून सगळ्यांनी बडबड करायला सुटायचं नाही. मेलबर्नमध्ये २०१९ साली एक प्रयोग झाला. लोकांना आठवडाभर मुद्दाम बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं. बऱ्याच जणांना बरं वाटलं, पण जे मुळात खूप अंतर्मुख होते ते दमले, त्यांना फायदा कमी झाला, आणि आपण खोटे वागतोय असंही वाटलं. आठवडाभर सतत ताणणं आणि दिवसातला एखादा क्षण सैल सोडणं यात फरक आहे. मला यातून समजतं ते इतकंच: जुनी पाटी उतरवून तिच्या जागी उलटी पाटी लावली, तर पुन्हा पाटीच झाली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणायला हवी. मी बोलतोय ते आपण स्वतःवर घालून घेतलेल्या वर्णनांबद्दल. जात, लिंग, रंग, भाषा यांवरून दुसरे जे लादतात ते माणसाने मनातून सोडून दिल्याने सुटत नाही. तिथे बदलायचं असतं ते लादणाऱ्याने. आणि कितीतरी ओळखी अभिमानाने, लढून मिळवलेल्या असतात, त्या सोडा असं कोणी सांगू नये.

स्वतःच्या नोंदीची पाहणी करायची तर काय करता येईल? नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी १५ आठवडे विद्यार्थ्यांना दर आठवड्याला छोटी कामं निवडायला दिली. मोकळं व्हायचंय त्याला, उदाहरणार्थ, दुकानातल्या कॅशियरला नमस्कार करायचा, एवढंच. ज्यांनी कामं पार पाडली त्यांच्या स्वभावात बदल दिसला. ज्यांनी नुसती कामं निवडली आणि केली नाहीत, त्यांच्यात तो दिसला नाही. बदलायची इच्छा दोघांचीही होती.

फ्लीसन यांची पद्धत तर वहीतही वापरता येते. दोन आठवडे, दिवसातून चार-पाच वेळा, गेल्या अर्ध्या तासात आपण नेमकं काय केलं आणि कसे वागलो ते दोन ओळींत लिहायचं. विशेषण लिहायचं नाही, कृती लिहायची: ‘सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या बिलावर हात वर करून प्रश्न विचारला’, ‘भाचीला भागाकार समजावला’, ‘फोन आला, उचलला नाही’. शेवटी वही उघडून ‘मी असाच आहे’ हे वाक्य शेजारी ठेवायचं आणि किती ओळी त्याच्याशी जुळतात ते मोजायचं.