हृदयात अल्कोहोल सोडतात, म्हणून पिणं चांगलं?

"डॉक्टर स्वतःच हृदयात अल्कोहोल सोडतात, मग दोन पेग घेतले तर काय बिघडलं?" हा युक्तिवाद वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणूनच तो लोकांच्या गळी उतरतो.

जीवघेण्या व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियात, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या अतिवेगवान ठोक्यांत, बहुतेकदा हृदयाच्या खालच्या कप्प्यातल्या जुन्या व्रणाभोवती विजेचा संदेश गोल गोल फिरत राहतो. नेहमीचा उपाय म्हणजे कॅथेटरच्या, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयात नेलेल्या बारीक नळीच्या, टोकाने रेडिओलहरींची उष्णता देऊन तेवढा भाग जाळणं. पण दोष स्नायूच्या जाडीत खोल असेल तर उष्णता तिथवर पोचत नाही. मग त्या भागाला रक्त पुरवणारी बारीक धमनी शोधतात. आत छोटा फुगा फुगवून ती अडवतात, म्हणजे द्रव मागे फिरून भलतीकडे जाणार नाही, आणि पुढे थोडंसं, जवळपास शुद्ध इथेनॉल, म्हणजे दारूतलंच अल्कोहोल, सोडतात, मोजमाप मिलीलिटरमध्ये. पेशींमधलं पाणी ओढलं जातं, प्रथिनं गोठतात, पेशी मरतात. मुद्दाम घडवलेला छोटासा हार्ट अटॅकच म्हणा ना! इथे अल्कोहोलचा उपयोग आहे तो विष म्हणून. त्यामुळे हा सहसा पहिला उपाय नसतो. इजा नको तिथे पसरली तर पेसमेकरही बसवावा लागू शकतो.

पोटात गेलेली दारू अशी नेमकी जागा शोधत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते. एका बैठकीत भरपूर प्यायल्यावर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड, सुरू होणं तर डॉक्टरांच्या इतकं ओळखीचं आहे, की त्याला 'हॉलिडे हार्ट' असं नावच पडलं आहे.