वजन पेलणं आणि न वाकणं: ॲल्युमिनियम प्रोफाइलचं टेबल घेताना होणारा गोंधळ

भोसरी असो, चाकण असो, वाळूज असो, शॉपमध्ये ॲल्युमिनियम प्रोफाइलचं (लांबीभर खाचा असलेल्या ॲल्युमिनियमच्या तयार दांड्यांचं) टेबल करायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती किलो पेलेल?" विकणारा सांगतो, "तीनशे किलो आरामात." दोघांचं समाधान होतं. टेबल येतं, त्यावर गिअरबॉक्स ठेवला की मधे बाक दिसतो, ड्रॉवर ओढला की अख्खं टेबल डुलतं. मग निष्कर्ष निघतो, "मटेरियल कमजोर लागलं, पुढच्या वेळी जास्त मजबूत ६०६१ ग्रेडचं मागवू." पुढच्या वेळी जास्त पैसे देऊन ६०६१ येतं आणि टेबल तितकंच वाकतं, तितकंच डुलतं. हे इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता सविस्तर लिहायलाच हवं.

गोंधळ मजबुती आणि ताठपणा यांतला आहे. मजबुतीबद्दल फार सांगायला नको. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपवर काम केलेल्या प्रत्येकाला ती कळते: भार वाढवत नेला की कधीतरी धातू कायमचा वाकतो, आणखी वाढवला की तुटतो. प्रोफाइल बहुतेक ६०६३ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. टी-६ टेंपरमध्ये (उष्णता प्रक्रियेनं कडक केलेल्या अवस्थेत) ते साधारण २०० मेगापास्कल ताणाच्या आसपास कायमचं वाकायला लागतं. ६०६१-टी६ अडीचशेच्या पुढे जातं, म्हणजे साध्या एमएसच्या बरोबरीला येतं. हे आकडे खरे आहेत आणि विकणारा खोटं बोलत नाही. फक्त टेबलाच्या तक्रारीशी त्यांचा संबंध नाही.

तक्रार ताठपणाची आहे. भार ठेवल्यावर किती झुकतं, हा त्यातला विषय. इथे धातूचा एकच आकडा लागतो, यंग्ज मोड्युलस. ॲल्युमिनियमचा साधारण ७० गिगापास्कल, पोलादाचा २०० ते २१०. आणि हा आकडा मिश्रधातू बदलून हलत नाही. ६०६३ घ्या, ६०६१ घ्या, टी-५ घ्या, टी-६ घ्या, सत्तरच्याच आसपास. कारण उघड आहे. मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूतल्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत, म्हणून मजबुती वाढते. ताठपणा येतो तो अणूंमधल्या ओढीतून, आणि दोन्ही मिश्रधातूंत जवळजवळ सगळे अणू ॲल्युमिनियमचेच असतात. उष्णता प्रक्रियेनं ती ओढ बदलत नाही.

आता एक हिशोब मांडतो, कारण त्याशिवाय हे पटत नाही.

४० बाय ४०चं एक प्रोफाइल, दोन टोकांना टेकलेलं, मधलं अंतर १५०० मिमी. कॅटलॉगमध्ये त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे छेदाचा आकार वाकण्याला किती विरोध करतो तो आकडा, दिलेला असतो. हलक्या आणि जड प्रकारांप्रमाणे तो बदलतो, आपण १० सेमी⁴ धरू. मधोमध १०० किलो ठेवा. प्रोफाइलमधला सर्वांत जास्त ताण निघतो साधारण ७४ मेगापास्कल, म्हणजे कायमचं वाकण्याच्या मर्यादेच्या जेमतेम एक तृतीयांशाहून थोडा जास्त. मजबुतीच्या भाषेत हे प्रोफाइल अगदी आरामात आहे. आणि मधे झुकतं किती? जवळजवळ १० मिमी.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. "शंभर किलो पेलेल का?" या प्रश्नाचं उत्तर "हो" आहे, आणि तरी त्या टेबलावर गोल भाग ठेवला तर तो मधे घरंगळत येईल. ६०६१ लावलं तर सुरक्षिततेची मर्यादा आणखी लांब जाते, बाक मात्र तोच १० मिमी. पुढे-मागे दोन रेल असतील तर प्रत्येकीवर निम्मा भार येतो आणि बाक ५ मिमी होतो. असेंब्लीच्या टेबलाला तोही डोळ्यांत भरतो.

मग बाक कमी कशानं होतो? मुख्यतः अंतर आणि उंची, या दोन गोष्टींनी. अंतराचा घन लागतो. १५०० मिमीच्या मधोमध एक पाय दिला, अंतर ७५० झालं, की तोच भार तशाच मधोमध ठेवला तरी बाक आठपटीनं घटतो. १० मिमीचा सव्वा मिमी होतो. एका पायाची किंमत काय? अडीच-पावणेतीन फूट प्रोफाइल, एक लेव्हलिंग पॅड, दोन ब्रॅकेट. पण "मधे पाय आला की गुडघा लागतो" म्हणून तो काढून टाकतात आणि तेच पैसे भारी ग्रेडवर घालतात. बसून काम करायचं टेबल असेल तर गुडघ्याची अडचण खरी आहे, मान्य. उभ्यानं काम करायच्या टेबलाला मधला पाय नको म्हणणं मला अजिबात पटत नाही.

उंचीचंही तसंच. ४० बाय ८०चं हलकं प्रोफाइल उभं लावलं तर मोमेंट ऑफ इनर्शिया साधारण ७० सेमी⁴, आडवं लावलं तर साधारण १८. फूटपट्टी चपटी धरून वाकवा आणि मग कडेवर धरून वाकवायला बघा, तोच फरक. वरच्या हिशोबात उभ्या ४० बाय ८०ला बाक दीड मिमीच्याही आत येतो, आडव्याला साडेपाच मिमीच्या आसपास. तरीही टॉपखालच्या रेल सर्रास आडव्या लावलेल्या दिसतात, कारण प्लाय बसवायला रुंद जागा मिळते आणि समोरून टेबल पातळ दिसतं. एवढं महागाचं प्रोफाइल घेऊन त्याचा पाऊण गुण असा फुकट घालवणं बघवत नाही.

एमएसशी तुलना निघतेच, म्हणून तीही करू. ४० बाय ४०, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप घेतला तर मोमेंट ऑफ इनर्शिया साडेसात सेमी⁴लाही पोचत नाही, प्रोफाइलपेक्षा कमी. पण पोलाद तिप्पट ताठ, त्यामुळे त्याच भाराला बाक येतो ४.७ मिमी, म्हणजे प्रोफाइलच्या निम्म्याहून कमी. वजन मीटरला सव्वादोन-अडीच किलोच्या दरम्यान. तेव्हा "एमएसचं चाळीसचं टेबल होतं, आता प्रोफाइलचं चाळीसचंच करू" हा सरळ बदल करू नका. आकार एक असला तरी टेबल एक होत नाही. ताठपणा राखायचा असेल तर उंची वाढवावी लागते किंवा अंतर कमी करावं लागतं.

स्लॉट (प्रोफाइलची खाच) आठ मिमीचा की दहाचा, रंग चंदेरी की काळा, टोकाला कॅप हवी की नको, यावर तासन्‌तास बोलणारी मंडळी आहेत. टेबलाच्या वागण्यात त्यानं काही फरक पडत नाही. एवढंच बघा की ३० मालिकेतला आठचा स्लॉट आणि ४० मालिकेतला आठचा स्लॉट आतून सारखे नसतात, त्यामुळे टी-नट (स्लॉटमध्ये बसणारे नट) प्रोफाइलबरोबरच घ्या.

आता डुलण्याकडे येऊ, कारण बाकापेक्षा त्याच्याच तक्रारी जास्त असतात आणि तिथेही लोक जाड प्रोफाइल मागतात. ८५० मिमी उंचीचे ४० बाय ४०चे चार पाय आणि आडवा १० किलोचा जोर घेतला तर, कोपरे पक्के आहेत असं धरून, पाय वाकल्यामुळे टेबल एक मिमीसुद्धा हलत नाही. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त हलतं, कारण कोपरा पक्का नसतो. छोटा ओतीव ब्रॅकेट, दोन बोल्ट, आणि सगळी पकड घर्षणावर. तो कोपरा अर्धा अंश उघडला तर ८५० मिमीवर सात मिमीहून जास्त हालचाल दिसते. पाय ४५ बाय ४५ केला, जड प्रकारातला घेतला, तरी अर्धा अंश तो अर्धा अंशच.

यावर तिरका आधार द्या. एका पायाच्या वरून दुसऱ्याच्या खाली गेलेली एक तिरकी पट्टीसुद्धा चौकटीचे त्रिकोण करते, आणि त्रिकोणाला डुलायचं तर पट्टीला ताणलं किंवा दाबलं जावं लागतं, जे ती सहजी होऊ देत नाही. पाठीमागे पत्रा किंवा १२ मिमीचा प्लाय लावला तरी तेच काम होतं. अट एकच, तो चारही बाजूंनी बोल्टनं आवळलेला हवा. स्लॉटमध्ये रबर घालून सरकवलेलं पॅनल फक्त धूळ अडवतं. पाठ बंद करता येत नसेल तर जमिनीपासून २०० मिमीवर खालची चौकट आणि मोठे गसेट (कोपरा पक्का करणारे त्रिकोणी तुकडे) द्या. चारही कोपऱ्यांत, दोन्ही दिशांनी. नुसत्या समोरच्या बाजूला गसेट लावून टेबल पुढे-मागे डुलतं म्हणून नवल करू नये.

मजबुती बघायची ठिकाणं आहेत, ती वेगळी आहेत. आडवी रेल पायाच्या बाजूला ब्रॅकेटनं लटकवली असेल तर सगळा भार टी-नटच्या घर्षणावर येतो आणि धक्क्यानं ती खाली सरकू शकते. म्हणून रेल पायाच्या डोक्यावर बसवावी. भार सरळ पायात उतरतो आणि बोल्टला फक्त जागा धरून ठेवायची राहते. चाकं लावलेलं टेबल शटरच्या पट्टीवर आपटतं तेव्हा पायाच्या टोकातले आटे उखडू शकतात, तिथे टोकाला प्लेट हवी. आणि काही जण प्रोफाइलला आर्गनचं वेल्डिंग मारतात. टी-६चं ६०६३ वेल्डशेजारी निम्म्याच्या आसपास मजबुती गमावतं. तेवढ्या भागातल्या धातूचा ताठपणा मात्र तोच राहतो. मजबुती आणि ताठपणा किती वेगळे आहेत, हे याहून स्पष्ट दिसायचं नाही.

फिक्स्चरमध्ये, म्हणजे काम करताना भाग नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनात, हा गोंधळ सर्वांत महाग पडतो. टेबलाला दोन मिमी बाक आला तर डोळ्याला खुपतो, फिक्स्चरमध्ये ०.२ मिमी गेलं की भाग रिजेक्ट होतो. समजा २०० मिमी उंचीचा ४० बाय ४०चा खांब, वर भाग दाबून धरणारा टॉगल क्लॅम्प, आणि क्लॅम्पचा आडवा जोर ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलो. खांबातला ताण निघतो २० मेगापास्कल. मजबुतीच्या दृष्टीनं नगण्य. टोक सरकतं ०.१९ मिमी, आणि यात पायथ्याच्या ब्रॅकेटची हालचाल धरलेलीच नाही. भागाची जागा ठरवणारा ±०.१ मिमीचा लोकेशन पिन अशा खांबावर बसवला तर सहनमर्यादा क्लॅम्प लावतानाच संपली.

हे स्वतः बघायचं असेल तर डायल गेज (बारीक हालचाल सुईनं दाखवणारं मापक) लावा. मॅग्नेटिक बेस ॲल्युमिनियमला चिकटत नाही, आणि चिकटला असता तरी त्याच प्रोफाइलवर तो ठेवू नका. खांबाबरोबर डायलही हलेल आणि सुई जागची ढळणार नाही. शेजारच्या पोलादी प्लेटवर किंवा मशीनच्या बेडवर बेस ठेवा, टोक लोकेटरला (लोकेशन पिनला) टेकवा आणि खांब अंगठ्यानं दाबा. नुसत्या अंगठ्यानं सुई काही शतांश मिमी सरकते. मग क्लॅम्प लावा, सोडा, परत लावा. सुई प्रत्येक वेळी त्याच जागी परत आली तर तो निव्वळ लवचिक बाक आहे, खांब आखूड करून किंवा तिरका टेकू देऊन तो कमी करता येतो. परत येत नसेल तर सांधा सरकतो आहे, आणि तिथे घर्षणावर विसंबण्यापेक्षा डॉवेल पिन (जागा पक्की करणारी घट्ट पिन) मारलेली मशीन केलेली प्लेटच हवी.

प्रोफाइलचा पृष्ठभाग संदर्भ म्हणून वापरणं हीसुद्धा मला न खपणारी सवय आहे. युरोपीय मानक ईएन १२०२०-२ अचूक प्रोफाइलसाठी आहे, आणि तेसुद्धा एक मीटर लांबीला ०.७ मिमी वाक चालवून घेतं. शिवाय ॲल्युमिनियम मीटरमागे दर अंशाला २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद १२. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ ते दुपार १५ अंशांचा फरक धरला, तर एक मीटर अंतरावरचे दोन लोकेटर पोलादी भागाच्या तुलनेत ०.१६ मिमीहून जास्त लांब जातात. त्यामुळे माझा आग्रह असतो की प्रोफाइल फक्त सांगाडा धरायला वापरावं: मॉडेल बदललं की खांब सरकवता येतात, सेन्सर आणि केबल स्लॉटमधून नेता येतात, दोन माणसं फिक्स्चर उचलू शकतात. जिथे भाग टेकतो ती जागा एका सलग मशीन केलेल्या प्लेटवर हवी, आणि मोठ्या अंतरावर ती प्लेट पोलादाची हवी.

टेबलांच्या बाबतीत माझी निवड ठरलेली आहे. वायरिंग, असेंब्ली, पॅकिंग, तपासणी यांना प्रोफाइल. व्हाइस, फायलिंग, हातोडीचं काम यांना एमएसचं वेल्ड केलेलं जड टेबल. तिथे वजनच कामाला येतं, आणि सततच्या धक्क्यांनी घर्षणाचे सांधे सैल पडतात. प्रोफाइलच्याच टेबलावर व्हाइस लावावा लागला तर तो पायाच्या बरोबर वर येऊ द्या, आणि टेबल जमिनीला अँकर करा.

एन्क्वायरी पाठवताना "३०० किलो क्षमतेचं टेबल" असं लिहू नका. दोन पायांमधलं अंतर लिहा, भार पसरलेला असेल की एका जागी ते लिहा, मधे जास्तीत जास्त किती मिमी बाक चालेल ते लिहा, आणि वरच्या कडेला १० किलोचा आडवा जोर दिल्यावर टेबल किती हललेलं चालेल तेही लिहा. कोटेशनमध्ये प्रोफाइलचा मोमेंट ऑफ इनर्शिया दोन्ही अक्षांचा मागा, आणि ड्रॉइंगवर मोठी बाजू उभी दाखवली आहे ना, ते ऑर्डर देण्याआधी तपासा.