डाउनहिल सायकलची जुळवाजुळव: सुट्या भागांच्या वादांमागचा इतिहास

डाउनहिल सायकल, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्यासाठीची सायकल, स्वतः जुळवायला घेतली की कुठलाच प्रश्न एकटा येत नाही. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) निवडायला जावं तर हबचा, म्हणजे चाकाच्या मध्यभागाचा, एक्सल आडवा येतो. हब ठरवावा तर फ्रेमची मागची रुंदी मोजावी लागते. हे निस्तरेपर्यंत कोणीतरी विचारतंच, चाकं दोन्ही २९ इंची लावणार की मागचं साडेसत्तावीस? मग मागच्या चाकाचा दणका झेलणाऱ्या शॉकमध्ये पोलादी स्प्रिंग की हवा, सपाट पेडल की बुटाला अडकणारं, ब्रेकमध्ये डॉट तेल की मिनरल ऑइल, अशी रांग लागते. यातला प्रत्येक वाद कधी ना कधी एखाद्या उतारावर काहीतरी मोडल्यामुळे, तापल्यामुळे किंवा निसटल्यामुळे सुरू झाला आहे. काही वादांचं मूळ मात्र उतारावर नसून पेटंटच्या कागदांत आणि कारखान्यांच्या मापांत आहे. या दोन जाती वेगळ्या ओळखता आल्या, तर पैसे कुठे घालायचे हे बरंच सोपं होतं.

सुरुवात तर निव्वळ जोडकामानेच झाली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण मंडळी १९३०-४० च्या दशकांतल्या श्विन कंपनीच्या जाड टायरच्या जुन्या सायकली स्वस्तात मिळवून डोंगरावरून खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर चार्ली केली यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. सुमारे साडेतीन किलोमीटरची वाट आणि तेवढ्यात जवळपास ४०० मीटरची उतरण. ब्रेक म्हणजे मागच्या हबच्या पोटात बसवलेला, पेडल उलटं दाबलं की लागणारा. तळाशी पोचेपर्यंत तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई, आणि हब उघडून नवं ग्रीस भरल्याशिवाय पुढची फेरी करता येत नसे. त्या उताराला ‘रिपॅक’ हे नाव पडलं ते यामुळेच. गॅरी फिशर यांनी तिथे नोंदवलेली ४ मिनिटं २२ सेकंदांची वेळ पुढे कोणालाच मोडता आली नाही.

ग्रीस जळतं म्हटल्यावर ड्रम ब्रेक आले. ते ओढायला सायकलची लिव्हर पुरेना, म्हणून मोटरसायकलची लिव्हर आली. पुन्हा वर चढायला गिअर हवे होते, ते लांबच्या प्रवासाच्या सायकलींवरून काढून लावले. एवढ्या माऱ्याने जुन्या फ्रेम तडकू लागल्या, तेव्हा १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास याच कामासाठी नवी फ्रेम बांधायला घेतली. १९७९ मध्ये फिशर आणि केली टॉम रिची यांनी बांधलेल्या फ्रेमवर तयार सायकली विकू लागले, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्डने स्टंपजम्पर बाजारात आणली. कोणता भाग लावायचा हा निर्णय त्यानंतर मालकाच्या हातून हळूहळू कारखान्याकडे गेला. डाउनहिलवाल्यांनी मात्र तो पुरता सोडला नाही. त्यांच्याकडून भाग मोडायचेच इतके की पाना हातात ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

१९८५ पासून कॅलिफोर्नियाच्या मॅमथ माउंटनवर ‘कामिकाझे’ शर्यत भरू लागली. रुंद, सरळसोट, खडीचा रस्ता. वेग ताशी ९० किलोमीटरच्याही वर. अशा ठिकाणी वळण घेण्यापेक्षा पेडल मारत राहणं महत्त्वाचं, त्यामुळे पुढे भल्यामोठ्या चेनरिंगा, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चकत्या, लावायची पद्धत पडली. आज त्या सायकलींचे फोटो पाहून हसू येतं, पण त्या वाटेसाठी ती निवड चूक नव्हती. तोच प्रकार जॉन टोमॅक यांचा. १९९० च्या हंगामात ते डोंगरावरही रस्त्याच्या सायकलचा, खाली वळलेला हँडलबार लावून उतरत, कारण त्याच वर्षी ते रस्त्यावरच्या शर्यतीही करत होते आणि शरीराची बैठक त्यांना बदलायची नव्हती. सायकलचा भाग वाट आणि स्वार यांच्यापासून तोडून चांगला किंवा वाईट ठरवता येत नाही, याचा याहून ठळक दाखला मला माहीत नाही.

खरी उलथापालथ झाली ती फोर्कमध्ये. मोटोक्रॉसच्या जगातून आलेल्या पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा आरएस-१ हा दणक्याने दबणारा फोर्क विकायला काढला. तो दबायचा जेमतेम ५० मिलिमीटर. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि डाउनहिलमध्ये ग्रेग हर्बोल्ड हाच फोर्क लावून जिंकले. फोर्कने वजन वाढतं, दाबलेला जोर वाया जातो, ही कुरकूर त्यानंतर फार दिवस टिकली नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्झोकीचे तेलात बुडालेले बॉम्बर आले आणि दोन क्राउनचा, म्हणजे नळ्या वर-खाली दोन ठिकाणी जोडलेला, रॉकशॉक्स बॉक्सर आला. २००५ च्या सुमारास फॉक्स ४० आला. नावातला आकडा म्हणजे त्याच्या नळ्यांचा मिलिमीटरमधला व्यास. दबण्याची लांबी २०० मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबली ती आजतागायत. तिथून पुढे स्पर्धा नळीच्या जाडीची झाली. बॉक्सर ३२ वरून ३५ वर आणि २०२३ मध्ये ३८ मिलिमीटरवर गेला. जाड नळी कमी वाकते आणि खडकांत चाक सांगितल्या रेषेत राहतं, हे खरं. पण हलक्या वजनाच्या स्वाराला तोच ताठपणा मनगटात जाणवतो, हेही तितकंच खरं आहे. चर्चेत ही दुसरी बाजू फारशी ऐकू येत नाही.

ब्रेकचा इतिहास त्या मानाने सरळ आहे. रिमवर दाबणारे ब्रेक चिखलात घसरत, चाकाला जरा बाक आला की घासत, आणि लांब उतारावर रिम तापवून ट्यूब फोडत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या, डिस्क आल्या आणि डाउनहिलमध्ये हा प्रश्न कायमचा मिटला. उरला तो तेलाचा. डॉट तेल, म्हणजे मोटारींच्या ब्रेकमध्ये असतं ते, हवेतली आर्द्रता शोषून घेतं, त्यामुळे त्याचा उकळबिंदू महिन्यागणिक खाली येतो आणि ते ठरावीक काळाने बदलावंच लागतं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही. म्हणून आत शिरलेलं पाणी वेगळंच राहतं आणि डिस्क दाबणाऱ्या कॅलिपरजवळ साचून उकळू शकतं. वर्षानुवर्षं डॉटची बाजू लढवणाऱ्या स्रॅमने २०२४ चा मेव्हन हा ब्रेक मिनरल ऑइलवर काढला. आता या वादात दम उरलेला नाही. चार पिस्टन, २०० किंवा २२० मिलिमीटरची जाड डिस्क आणि तेलातून वेळेवर काढलेली हवा, एवढं असलं की बाटलीत कोणतं तेल आहे हे उतरताना आठवतही नाही.

फ्रेमच्या मागच्या सांध्यांबद्दल मात्र लोक तावातावाने बोलतात आणि त्यातलं निम्मं अभियांत्रिकी नसून कायदा असतो. हॉर्स्ट लाइटनर यांनी मागच्या एक्सलच्या पुढे, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर सांधा ठेवण्याची रचना केली. ती ‘हॉर्स्ट लिंक’ म्हणून ओळखली जाते. तिचं पेटंट १९९८ मध्ये स्पेशलाइज्डने विकत घेतलं. मग अमेरिकेत सायकली विकू पाहणाऱ्या इतर कंपन्यांपुढे दोनच वाटा होत्या: परवान्याचे पैसे भरा, नाहीतर सांधा एक्सलच्या वर सरकवा. बऱ्याच जणांनी तो वर सरकवला आणि जाहिरातीत त्याचेच गुण गायले. पेटंटची मुदत संपल्यावर तेच सांधे मुकाट्याने खाली आले. व्हीपीपी ही दोन आखूड दुव्यांची रचना अशीच आउटलँड या छोट्या कंपनीकडून सांताक्रूझ आणि इंटेन्स यांच्याकडे गेली. सांताक्रूझच्या व्ही१० ला ते नाव मिळालं तिच्या मागच्या चाकाच्या १० इंचांच्या हालचालीवरून. आज इतकी हालचाल सहसा कोणी देत नाही. सायकल खड्ड्यात रुतल्यासारखी होते आणि वळणातून बाहेर पडताना अंगावर येते, हे तोवर कळून चुकलं होतं.

चाकाचा आकार हा यातला सगळ्यात भांडखोर विषय. २६ इंची चाकं डाउनहिलमध्ये २०१३-१४ पर्यंत टिकली, मग साडेसत्तावीस आली. २९ इंची चाक म्हणजे डोंगर चढणाऱ्यांचं, उतारावर ते वळणार नाही आणि मोडेल, असं ठामपणे सांगणारे तेव्हा ढिगाने होते. २०१७ च्या विश्वचषक हंगामात सांताक्रूझचा संघ लूर्दला २९ इंची व्ही१० घेऊन उतरला, आणि त्याच वर्षी फोर्ट विल्यमला ग्रेग मिनार तिच्यावर जिंकले. विरोध त्या एका हंगामात ढासळला. मागचं मोठं चाक बुटक्या स्वारांच्या पाठीला घासतं ही तक्रार मात्र खरी होती. नियमांनी दोन आकारांची चाकं एकत्र लावायला मुभा दिल्यावर २०१९ मध्ये लोइक ब्रुनी पुढे २९ आणि मागे साडेसत्तावीस अशा सायकलवर मोंत-सेंत-ऍनला विश्वविजेते झाले.

चाकं बदलली ती ठीक, पण त्यांच्याबरोबर मापंही हलली, आणि घरी सायकल जुळवणाऱ्याचे खरे हाल तिथून सुरू झाले. मागच्या हबची १५० आणि १५७ मिलिमीटर ही दोन मापं घ्या. ऐकायला वेगळी, पण हबचं धड तेच. १५७ मध्ये दोन्ही बाजूंच्या टोप्या साडेतीन मिलिमीटरने लांब असतात आणि फ्रेममधल्या खाचांत टेकतात, त्यामुळे चाक बसवायला सोपं जातं. बऱ्याच हबना नुसत्या टोप्या बदलून काम भागतं. पुढे नेमकं उलट. जुना २० बाय ११० आणि नवा ‘बूस्ट’ २० बाय ११० यांचे आकडे तेच, पण डिस्कची जागा वेगळी. आकडा जुळला म्हणून जुनं चाक नव्या फोर्कमध्ये घातलं की डिस्क कॅलिपरच्या मधोमध येत नाही. ८३ मिलिमीटरचं बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो तो भाग), सरळ किंवा निमुळता हेड ट्यूब (फोर्क बसतो ती नळी), सगळीकडे हेच. कागदावर स्वस्त पडलेली वापरलेली फ्रेम अशा मापांत अडकून शेवटी नवीच्या घरात जाते. म्हणून माझं मत असं की जुळवाजुळव फ्रेमपासून न करता चाकांपासून सुरू करावी. चांगली बांधलेली चाकं दोन फ्रेम पाहतात, फक्त टोप्यांची सोय आधी तपासावी.

पेडलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बुटाला अडकणारं पेडल वेगवान, हे जवळपास गृहीत धरलं जात होतं. सॅम हिल सपाट पेडलवर २००६, २००७ आणि २०१० मध्ये विश्वविजेते झाले आणि ते गृहीतक तिथेच सैल पडलं. टायरचं त्याहून कमी: जाड, दुहेरी कापडाची भिंत आणि मऊ रबर, यावर कोणाचंच दुमत नाही. भांडण असलंच तर आत फोमचं कडं घालायचं की नाही एवढंच.

स्प्रिंग की हवा, हा प्रश्न गेल्या दशकात बराच बदलला. पोलादी स्प्रिंग सुरुवातीच्या कणाकणाला प्रतिसाद देते आणि लांब उतारावर तापून वागणूक बदलत नाही, पण वजनाला जड, आणि स्वाराचं वजन बदललं की स्प्रिंगच बदलावी लागते. हवेत पंपाने दाब बदलता येतो, प्लॅस्टिकचे तुकडे घालून शेवटचा टप्पा कडक करता येतो. मात्र हवेच्या सीलना घर्षण जास्त. जुन्या काळी हवेचे शॉक खरोखरच तापून बिघडत, त्यामुळे स्प्रिंगवाल्यांचं म्हणणं तेव्हा बिनतोड होतं. आता निवड शॉकपेक्षा फ्रेमवर अवलंबून आहे. मागचा दुवा शेवटाकडे पुरेसा कडक होत जात असेल तर स्प्रिंग शोभते. सरळ रेषेत वागणाऱ्या फ्रेमला स्प्रिंग लावली की ती धाडकन तळाला आपटते. भाग विकत घेण्यापेक्षा आहे तो नीट बसवून घेणं आज जास्त फरक पाडतं, आणि त्यासाठी लागतो फक्त पंप, मोजपट्टी आणि थोडी चिकाटी.

सगळ्यात मजेशीर वळण घेतलं ते चेनने. एकेकाळी उतारावर चेन पडू नये म्हणून लोक घरी पत्रे कापून गाइड बनवत. पुढे तयार गाइड आले, मग चेन ताणून धरणारा क्लचचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग), आणि २०१२ मध्ये आलटून पालटून जाड-बारीक दातांची चेनरिंग. चेन पडणं थांबलं. मग २०१४ मध्ये हाफ्येलच्या जागतिक स्पर्धेत नेको मुलाली यांची चेन तुटली आणि तरीही ते चौथे आले. २०१५ मध्ये लेओगांगला ॲरन ग्विन यांची चेन सुरुवातीच्या फाटकापासून काही मीटरवरच तुटली, आणि ते चक्क जिंकले. चेन नसेल तर मागचं चाक मोकळेपणाने वर उठतं, ही गोष्ट अभियंत्यांना नवी नव्हती, पण आता ती सगळ्यांनी पाहिली. त्याच सुमारास कोमाँसालने मुख्य सांधा उंचावर नेला आणि चेन एका जादा चक्रीवरून फिरवली. तिच्यावर आमोरी पिएरों यांनी २०१८ चा विश्वचषक घेतला. मग चेनरिंगच्या मागे बसणारं एक यंत्र निघालं, जे चेनरिंगला ४ ते १२ अंश उलटं सरकू देतं, म्हणजे चाक दणक्याने वर गेलं तरी पेडलला झटका बसत नाही. इकडे हब बनवणारे मात्र इतकी वर्षं नेमकं उलट विकत आले होते: दात जितके जास्त तितकी पकड चटकन. त्या हबचे जादा पैसे मोजलेले स्वार आता तीच पकड थोडी ढिली करणारा भाग वेगळा विकत घेतात, आणि चार अंश पुरेत की बारा हवेत यावर नव्याने भांडतात.