‘ताप’ म्हणजे नेमका किती?

अंग जरासे कोमट लागले की ‘कसर’, मोडून आले की ‘कणकण’. हुडहुडी भरून आला तर ‘हीव’, दिवसाआड आला तर ‘एकांतरा’, ठरलेले दिवस काढूनच उतरला तर ‘मुदतीचा’. मराठीत ताप एका आकड्यात कधी मावत नव्हता. तो कसा येतो, केव्हा चढतो, यावरून त्याला नाव पडे. आयुर्वेदातही हेच दिसते. विषमज्वराचे, म्हणजे थांबून थांबून येणाऱ्या तापाचे, अन्येद्युष्क (रोज येणारा), तृतीयक (दिवसाआड येणारा), चतुर्थक (दोन दिवस सोडून येणारा) हे प्रकार तापाच्या पाळीवरूनच केले आहेत.

आकडा आला तो जर्मनीतल्या लाइपझिगहून. कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या काखेतले तापमान वर्षानुवर्षे नोंदवले आणि १८६८ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. त्यांचे थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होते आणि पारा स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटे लागत. तापाने फणफणलेला माणूस तेवढा वेळ ती नळी काखेत धरून पडून राही, आणि तेही दिवसातून पुन्हा पुन्हा. निरोगी माणसाचे तापमान ३७ अंश सेल्सिअस आणि ३८ ही वरची हद्द, हे त्यांनी ठरवले. मला त्याहून मोठे वाटते ते त्यांचे दुसरे काम. तोवर ताप हाच रोग मानला जाई. तो रोगाचे लक्षण आहे, हे त्यांच्या आलेखांनी पटवून दिले. याच सुमारास इंग्लंडात क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची थर्मामीटर आणले आणि ताप बघणे पाच मिनिटांवर आले.

३७ चे फॅरनहाइट केले की ९८.६ होतात. दशांश चिन्हामुळे हा आकडा फार काटेकोर भासतो, पण मुळात ती एक सरासरी आहे. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४८ निरोगी माणसांची सरासरी ३६.८ अंश सेल्सिअस भरली. वरची हद्दही वेळेप्रमाणे सरकत होती: सकाळी सहाला ३७.२, तर दुपारी चारला ३७.७. संध्याकाळी ‘अंग गरम लागतंय’ म्हणून घाबरण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

आजची व्याख्या आकड्यावर थांबत नाही. मेंदूतले हायपोथॅलॅमस शरीराचे तापमान कुठे राखायचे ते ठरवते. जंतुसंसर्गात ते हे लक्ष्य वर नेते. लक्ष्य ३९ झाले की ३७ वरचे शरीर त्याला गार वाटते, म्हणून आधी थंडी वाजते आणि गोधडी ओढावीशी वाटते. लक्ष्य खाली आले की घाम फुटतो आणि ताप उतरतो. ऊन लागते तेव्हा मात्र लक्ष्य जागेवरच असते, शरीराला उष्णता बाहेर टाकणे झेपत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात अंग ४० च्या वर गेले तरी तो या अर्थाने ताप नव्हे. तिथे पॅरासिटामॉल चालत नाही. माणसाला सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.